पोरांचा दमसास मोजायचा कसा?

“दिवसभर हुंदडतो, त्याला काय धाड भरलीय!” मुलाच्या तब्येतीची चौकशी केली की बहुतेक घरांतून हेच उत्तर मिळते. आणि एखादे पोर धावताना मागे पडू लागले, चढणीवर बसकण मारू लागले, की “आळशी आहे, दुसरे काय,” हा निकालही तितक्याच झटपट लागतो. बैल विकत घेताना आपण त्याला चालवून, जुंपून पाहतो. गाय गाभण असली तर तिला किती चालवायचे याचा विचार करतो. मुलाचे वजन अंगणवाडीतल्या काट्यावर होते, उंची शाळेच्या भिंतीवरच्या पट्टीवर होते. दमसास तेवढा कुणी मोजत नाही. तो मोजता येतो, आणि त्यासाठी घड्याळ, टेप आणि सुताची दोरी एवढेच सामान पुरते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

दमसास म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. डॉक्टर मंडळी त्याला व्यायामक्षमता म्हणतात. फुप्फुसे हवेतून प्राणवायू ओढतात, रक्त तो उचलते, हृदय ते रक्त ढकलते आणि हातापायांचे स्नायू तो प्राणवायू वापरून काम करतात. आपल्या विहिरीवरच्या पंपासारखेच हे आहे. विहिरीत पाणी हवे, मोटर धड हवी, पाइप कुठे फुटलेला नको आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाट मोकळा हवा. शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर दोष यांपैकी कुठेही असू शकतो. पोराचा दम कमी पडतो तेव्हाही असेच असते. मोजणीने एवढे कळते की शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचत नाही. ते कुठे अडले, हे पुढे शोधावे लागते. “आळशी” म्हणून मोकळे झालो तर तो शोध सुरूच होत नाही.

शास्त्रज्ञांनी हे मोजायला सुरुवात केली त्याला शंभर वर्षे झाली. इंग्लंडातले ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात स्वतः धावून, पाठीवर पिशवी बांधून, सोडलेला श्वास त्या पिशवीत साठवला आणि किती प्राणवायू खर्च झाला ते काढले. त्यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मुलांकडे लक्ष थोडे उशिरा गेले. अमेरिकेत रॉबिन्सन यांनी १९३८ साली लहानथोर सर्व वयांच्या पुरुषांना सरकत्या पट्ट्यावर पळवून मापे घेतली, त्यांत सहा वर्षांची पोरेही होती. स्वीडनमध्ये ऑस्ट्रँड यांनी १९५२ साली चार वर्षांच्या मुलांपासून पुढे, मुलगे आणि मुली दोन्ही घेऊन, मोठे काम केले. आपल्या घाटमाथ्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले, तेही आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजून पाहण्यासाठीच.

या सर्व मोजणीतून एक आकडा हाती आला. पूर्ण जोर लावून पळताना शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे, किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते, तो हा आकडा. निरोगी मुलांत तो साधारण ४० ते ५० च्या आसपास असतो. वयात येताना मुलींचा थोडा उतरतो, मुलग्यांचा बहुधा टिकतो. आणखी एक गोष्ट कळली, ती आईबापांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे हृदय लहान, एका ठोक्यात रक्त थोडे ढकलणारे. म्हणून ते ठोके वाढवून काम भागवते. जोरात पळालेल्या मुलाच्या छातीत मिनिटाला २०० ठोके पडले तरी ते सहसा नवल नसते. मोठ्या माणसासाठी “२२० मधून वय वजा करा” असा जो ठोकताळा सांगतात, तो मुलांना लावू नये. मुले लवकर दमतात आणि तितक्याच लवकर ताजीही होतात. धावून आलेले पोर दोन मिनिटांत पुन्हा पळायला निघते ते उगाच नाही.

पनवेलकडचे काय?

आता ही गोष्ट पनवेल तालुक्यात मुद्दाम का सांगायची? कारण या तालुक्यातल्या मुलांचे पाय एका पिढीत जमिनीवरून उचलले गेले. १९७० साली सिडको आली, खाडीकाठची भातशेती संपादनात गेली, खारघर, कळंबोली, कामोठे अशी नगरे उभी राहिली. पनवेलची महानगरपालिका २०१६ साली झाली. विमानतळासाठी उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा यांसारखी गावे उठली आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. ज्या घरातला आजा खलाटीतल्या बांधावरून अनवाणी शाळेत गेला, त्या घरातला नातू दारातून व्हॅनमध्ये बसतो आणि शाळेच्या फाटकात उतरतो. संध्याकाळी हुतूतू आणि आट्यापाट्या खेळायचे मैदान पार्किंगला गेलेले. उरलेला वेळ मोबाइलला.

पण त्याच तालुक्यात दुसरीही मुले आहेत. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीची चढण चढताना शहरातली तरुण मंडळी दर वळणावर पाण्याची बाटली काढतात, आणि वाडीतली पोरे त्यांच्या शेजारून गप्पा मारत वर निघून जातात. यांचा दम दांडगा, हे उघड आहे. मात्र याच वाड्यांत पोटभर अन्न न मिळणारी, अंगात रक्त कमी असणारी मुलेही आहेत. म्हणजे एका तालुक्यात एक मूल बसून बसून दम घालवते, दुसरे उपाशीपोटी घालवते. बाहेरून दोघेही “बरे” दिसतात. मोजल्याशिवाय फरक कळायचा नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे समजू नका. १९८१ ते २०१४ या काळातल्या, एकोणीस देशांतल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या धावण्याच्या मोजण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मुलांचा दमसास सुमारे ७ टक्क्यांनी उतरलेला आढळला. ते बहुतेक सुखवस्तू देश होते. आपल्या खेड्यांचा असा जुना हिशेब आपल्याजवळ नाही, कारण आपण तो कधी ठेवलाच नाही.

सहा मिनिटे चालणे

प्रयोगशाळेतली मोजणी खर्चाची असते. तोंडावर मुखवटा, पायांखाली सरकता पट्टा, छातीला तारा. ती गरज पडेल तेव्हा मोठ्या रुग्णालयात. पण साधी मोजणी साध्या जागी होते. तिचे नाव सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. कामोठ्याला एम. जी. एम. वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे आणि त्या संस्थेत फिजिओथेरपीचे शिक्षणही दिले जाते. फिजिओथेरपी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही चाचणी यावीच लागते. तिची सर्वमान्य पद्धत अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००२ साली लिहून काढली. पद्धत अशी:

तीस मीटर लांबीची सपाट, सरळ जागा घ्यावी. शाळेचे मैदान उत्तम, देवळापुढचे पटांगणही चालेल. रहदारीचा रस्ता नको. दोन्ही टोकांना काहीतरी ठळक खूण ठेवावी, आणि मध्ये दर तीन मीटरवर चुन्याची रेघ. मुलाने दहा मिनिटे बसून विसावा घ्यावा. पोट अगदी रिकामे नको आणि जेवून तडस लागलेलेही नको. पायात रोजच्या सवयीची चप्पल किंवा बूट. मग त्याला सांगायचे, “सहा मिनिटांत जितके जास्त चालता येईल तितके चाल. पळायचे नाही. दमलास तर थांब, उभा राहा, बरे वाटले की पुन्हा चाल.” घड्याळ थांबवायचे नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले की ३० मीटर. अशा खेपा मोजायच्या आणि शेवटच्या अर्धवट खेपेचे मीटर रेघांवरून काढायचे. समजा एकोणीस खेपा पुऱ्या झाल्या आणि वर १४ मीटर, तर १९ गुणिले ३० म्हणजे ५७०, अधिक १४, एकूण ५८४ मीटर.

दिसायला हे पोरखेळासारखे, पण यात एक मेख आहे. हाँगकाँगमध्ये ७ ते १६ वर्षांच्या चौदाशेहून अधिक निरोगी मुलांना असे चालवले, तेव्हा सरासरी ६६४ मीटर आली. तो अभ्यास २००७ चा. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या ४ ते ११ वर्षांच्या मुलांची सरासरी प्रसिद्ध झाली, ती ४७० मीटर. म्हणजे लंडनची मुले कमजोर का? तसे मुळीच नाही. एक तर ती वयाने लहान होती. उंच मुलाची ढांग मोठी, त्यामुळे तो जास्त अंतर कापतो, हे प्रत्येक अभ्यासात दिसून आले आहे. शिवाय मुलाला किती उत्तेजन द्यायचे, काय शब्द बोलायचे, धावपट्टी किती लांब, यावरही आकडा हलतो. धावपट्टी आखूड असेल तर वळण्यातच वेळ जातो. आपल्याकडेही शाळकरी मुलांचे असे आकडे काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, ७ ते १२ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१२ साली छापून आला. पण दूरच्या शहरातल्या मुलाशी आपल्या पोराची तुलना करून हुरळू किंवा हिरमुसू नये. आपल्या बंड्याची तुलना सहा महिन्यांपूर्वीच्या बंड्याशीच करावी. तीच जागा, तीच दोरी, तोच प्रहर, तेच शब्द. माझ्या मते या सगळ्या विद्येतला घरच्या कामाचा भाग एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

एक सावधगिरी सांगतो. धडधाकट, खेळाडू पोराला सहा मिनिटे चालणे म्हणजे काहीच नव्हे. त्याचा खरा दम त्यात दिसत नाही. ही चाचणी कमी पडणारे मूल ओळखायला जास्त उपयोगी. तगड्या मुलांसाठी कॅनडातल्या लेजे यांनी १९८० च्या दशकात वीस मीटरची धाव काढली. वीस मीटरवर दोन रेघा, शिट्टीच्या तालावर या रेघेवरून त्या रेघेवर पळायचे. आरंभी वेग ताशी साडेआठ किलोमीटर, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. ताल चुकला की मूल बाद. मुलांना ती खेळासारखी वाटते म्हणून आवडते. आपल्या सरकारने २०१९ साली शाळांसाठी खेलो इंडियाची तंदुरुस्ती मोजणी आणली, तीत मोठ्या मुलांना ६०० मीटर धावणे किंवा चालणे आहे. आपल्या शाळेत ती होते का, आणि होत असेल तर कागदावर होते की मैदानावर, हे पालकसभेत विचारायला हरकत नाही. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळा आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

ज्यांच्याजवळ मैदान नाही त्यांनी घरच्या ओट्याची पायरी वापरावी. पायरी एक फूट उंच हवी. “वर, वर, खाली, खाली” अशा चार ठेक्यांत एक चढउतार, मिनिटाला असे चोवीस, सलग तीन मिनिटे. लेझमीवाल्याने हलगीवर मिनिटाला ९६ ठेके धरले की पोरे बिनचूक चढउतार करतात. तीन मिनिटे झाली की लगेच बसवावे आणि मनगटावरची नाडी एक मिनिटभर मोजावी. दम चांगला असला की बसताच ठोके भराभर उतरतात आणि मिनिटाचा आकडा कमी येतो. पुढच्या वेळी तोच आकडा आणखी कमी आला, तर दमसास वाढला. आठ वर्षांखालच्या मुलाला एक फुटाची पायरी उंच पडते, त्याला चालण्याचीच चाचणी बरी.

हुतूतू खेळताना एका दमात किती वेळ “हुतूतू” म्हणतो, यावरून दम ठरवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. खेळ झकास आहे. पण श्वास कोंडून धरणे आणि श्वास घेत घेत दीर्घकाळ काम करणे, या दोन वेगळ्या गोष्टी. विहिरीत लांब बुडी मारणारा पोरगा चढणीवर धापा टाकताना दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

आकडा कमी आला तर

समजा, वर्गातल्या त्याच उंचीच्या मुलांपेक्षा आपले मूल बरेच मागे राहिले, किंवा दिवाळीपेक्षा होळीला त्याचे अंतर घटले. पहिला संशय रक्तावर घ्यावा. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते. ते कमी असले की हृदयाने कितीही जोर लावला तरी स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींमध्ये रक्त कमी आढळले. शंभरात एकोणसाठ! आणि यांतल्या किती जणींना घरी “कामचुकार” म्हणून बोल लागत असतील, याचा विचार करावा. बारा वर्षांवरच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा खाली असेल तर ते कमी. प्राथमिक आरोग्य केंद्रात थेंबभर रक्तावर ही तपासणी होते. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली पुष्कळदा दप्तरात टाकतात किंवा फेकतात, कारण ती खाऊन मळमळते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले लागते. पालेभाजी, अळीव, कडधान्य घरात असतेच, आणि आमच्या कोकणपट्टीत ज्यांना चालते त्यांनी सुकट-जवळा ताटात ठेवावा.

दुसरा संशय जंतांवर. ओल्या मातीतून अनवाणी चालताना पायाच्या कातडीतून आकडेकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. वर्षातून ठराविक दिवशी, १० फेब्रुवारीच्या सुमारास, शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात. ती चुकवू नये. आदिवासी वाड्यांत सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी, आणि तो आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय दमवू नये.

फुप्फुसांचाही दोष असतो. पळाल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची ढास लागते, छातीत शिट्टी वाजते, ते बहुधा दम्याचे लक्षण. चुलीचा धूर कोंडणाऱ्या घरात आणि वीटभट्टीवर राहणाऱ्या मुलांत याकडे विशेष पाहावे. औषध घेऊन अशी मुले उत्तम खेळतात, त्यांना खेळ बंद करणे हा उपाय नव्हे.

हृदयाचे मात्र हयगयीने घेऊ नका. घसा धरून ताप आला, मग गुडघे-कोपरे आळीपाळीने सुजले आणि पुढे मूल धापा टाकू लागले, तर तो संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खातो आहे अशी शंका घ्यावी. धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, ओठ-नखे निळी पडणे, किंवा घराण्यात कुणी तरणाताठा माणूस अचानक गेलेला असणे, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर घरी कसलीही चाचणी करू नये. आधी डॉक्टर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळांतून मुलांना तपासते. त्या पथकाला हे सारे तोंडाने सांगावे, पोर लाजून सांगत नाही. पुढची तपासणी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातून सुरू करता येते.

यांपैकी काहीच निघाले नाही, तर उरते ते बसणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी सरासरी रोज तासभर तरी घाम येईल असे हालते राहावे. शेतातले काम त्यात धरायचे का, असे कुणी विचारील. लावणीला वाकून कंबर मोडते, पण त्यात छाती भरून येण्याइतके ठोके फारसे वाढत नाहीत. हंडा डोक्यावर घेऊन चढण चढणे वेगळे. आणि मुलांवर कामाचा बोजा टाकून त्याला व्यायाम म्हणणे तर अन्यायाचेच. खेळू द्यावे. सरावाने मुलांचा प्राणवायूचा आकडा पाच ते दहा टक्केच वाढतो, बाकी बरेचसे उपजत असते. तरी नियमाने खेळणारे मूल त्याच कामाला कमी दमते, हे पायरीच्या चाचणीत दोन महिन्यांत दिसून येते.

मुलींविषयी थोडे जास्त लिहायला हवे. बारावे वर्ष लागले की पोरीचे मैदान सुटते. “आता मोठी झालीस” या एका वाक्याने लंगडी, खोखो, सायकल सारे संपते. मुलींचा दम या वयात उतरतो त्याला शरीर थोडे कारण आहे, पण आपण पुष्कळ आहोत. २०१६ सालच्या जगभरच्या हिशेबात ११ ते १७ वर्षांच्या १०० मुलींपैकी ८५ मुली पुरेशा हालत नव्हत्या, मुलगे ७८. पाळीच्या दिवसांतही खेळायला हरकत नसते, दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. महिन्याचा रक्तस्राव फार होत असेल तर तो आईने विचारून घ्यावा, दमछाकीचे मूळ तेथेही असते.

मोजणी वर्षातून दोनदा पुरे. एकदा भातकापणी उरकून थंडी पडली की, आणि एकदा परीक्षेआधी. दोन्ही वेळा सकाळी आठच्या आत. कोकणच्या दमट उकाड्यात दुपारी मुलांना पळवणे धोक्याचे आहे. ताप येऊन गेला असेल तर दोन आठवडे थांबावे, डेंगू-मलेरिया झाला असेल तर त्याहून जास्त. वहीत तारीख, उंची, वजन, चाललेले अंतर, चालून झाल्यावरचे ठोके आणि “किती दमलास?” याचे मुलाने दिलेले उत्तर, एवढे लिहावे. नंबर लावू नयेत, बक्षीस ठेवू नये. नंबर लागले की मागे राहणारे मूल पुढच्या वेळी पोट दुखल्याचे सोंग घेते, आणि नेमके तेच मोजायचे राहते.

गावातल्या एखाद्या तरुण मंडळाने शाळेच्या मैदानावर तीस मीटरची पट्टी चुन्याने आखून दिली तर सगळ्यांचीच सोय होते. पावसाळ्यात चुना धुपतो, तो दसऱ्यानंतर पुन्हा मारावा. दोरी वापरत असाल तर सुताची दोरी ओलीने आटते आणि वाळल्यावर सैल पडते. प्रत्येक वेळी ती टेपाने तपासून घ्यावी, नाहीतर पोराचा दम वाढला की दोरी आटली, तेच कळायचे नाही.